कर्ता गाळलेली वाक्यं

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या लायब्ररीत, पार्किंग लॉटकडे तोंड असलेल्या एका खोलीत, मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवलं. मोठ्या म्हणजे वयानं. एका संस्थेतर्फे हा वर्ग सकाळी भरायचा आणि फुकट असायचा. एक मेक्सिकन स्वयंपाकी, नेल सलॉनमध्ये काम करणारी एक व्हिएतनामी बाई, एक कोरियन आजी, आणि निम्मा वर्ग आपल्या लोकांचा. त्यात मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील असत, आणि नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या पुण्या-नागपूरच्या मुली. या मुलींना इंग्रजी वाचता-लिहिता उत्तम येतं. भीती असते ती तोंड उघडायची.

आणि तोंड उघडायची वेळ सगळ्यात आधी येते ती दुकानात. आमचे पेठेकाका नाशिकचे, वीज मंडळातून रिटायर झालेले, आयुष्यभर हाय टेन्शन लाइनखाली वावरलेले. इथे आल्यावर मुलानं त्यांना दूध आणायला पाठवलं. आपलं आपण बिल करायचं ते मशीन काहीतरी बोललं, वर लाल दिवा लागला, आणि काकांनी दोन्ही हात वर केले! दुकानातली मुलगी धावत आली तरी हात खाली येईनात. "मला वाटलं मशीननं पोलीस बोलावले," ते वर्गात सांगत होते. सगळे हसले. पण हसताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आपापलं दुकान दिसत होतं.

म्हणून पॅसिव्ह आणि कॉझेटिव्ह, म्हणजे आपले कर्मणी प्रयोग आणि प्रयोजक क्रियापदं, मी नेहमी दुकानातूनच शिकवायची. समजा तुमच्याकडून एकाच वस्तूचे दोनदा पैसे घेतले गेले. 'तुम्ही दोनदा पैसे घेतलेत' म्हटलं की काउंटरवरची बाई फुगते. 'आय वॉज चार्ज्ड ट्वाइस' म्हटलं की कुणावर आळ येत नाही आणि काम होतं. कर्ता गाळायचा. मग 'हॅव' आणि 'गेट': आपण ब्लाउज शिवून घेतो, पँट आखूड करून घेतो, तसं वस्तू बदलून घ्यायची. आणि शेवटी 'मेक' आणि 'लेट': एखाद्याला करायला लावणं आणि एखाद्याला करू देणं. मराठी माणसाला हे पटकन कळतं, कारण आपल्या घरात दोन्ही भरपूर चालतं, असं मी म्हणायची. हा माझा ठरलेला विनोद होता. आता मी तो करत नाही.

तनुजा वर्गात आली ती तिच्या नवऱ्याबरोबर. तनुजा हे तिचं खरं नाव नाही. अमरावतीकडची, एम. कॉम. झालेली, सत्तावीस-अठ्ठावीसची मुलगी. नवरा आयटीत. त्यानं वाकून नमस्कार केला. "मावशी, हिचं स्पोकन जरा इम्प्रूव्ह करा ना. ऑफिसच्या पार्टीत तोंडच उघडत नाही. मॅनेजर विचारतो, बायको बोलत नाही का?" मी म्हटलं, करू की. तो रोज तिला सोडायचा आणि वर्ग संपेपर्यंत गाडीतच लॅपटॉप उघडून काम करत बसायचा. खिडकीतून ती राखाडी गाडी दिसायची. वर्गातल्या बायका कौतुक करायच्या, किती काळजी घेतो! मीही केलं. आमच्या गणपतीत सूत्रसंचालन तोच करायचा. सगळे त्याला ओळखत होते.

त्या दिवशी आम्ही पाळीपाळीनं वाक्यं करत होतो. मी दुकानातला एक शब्द द्यायचा आणि समोरच्यानं कर्मणी वाक्य करायचं. पेठेकाकांना 'कूपन' आला. ते म्हणाले, "द कूपन वॉज एक्स्पायर्ड बाय माय सन." वर्ग हसला. तनुजाला मी 'रिसीट' दिला.

"माय रिसीट इज चेक्ड एव्हरी डे," ती म्हणाली.

"व्हेरी गुड. बाय हूम?" कुणाकडून, हे मी सवयीनं प्रत्येकाला विचारायची.

ती थांबली. "बाय… बाय द हाउस."

घर काही रिसीट तपासत नाही, असं म्हणून मी पुढे गेले. तिची पाळी पुन्हा आली तेव्हा आम्ही 'मेक'वर होतो. "आय वॉज मेड टू रिटर्न द स्वेटर," ती म्हणाली. मला स्वेटर परत करायला लावला. वाक्य अगदी बिनचूक होतं. व्हिएतनामी बाईनं सहज विचारलं, का, माप चुकलं? तनुजा म्हणाली, "नो. आय स्माइल्ड ॲट द कॅशिअर."

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं.

मग 'लेट' आलं. ती खाली बघत म्हणाली, "आय ॲम नॉट लेट टू कीप माय पासपोर्ट." आणि मी, इतक्या वर्षांची मास्तरीण, तिचं व्याकरण सुधारू लागले: "लेटचं असं पॅसिव्ह होत नाही बरं का. नॉट अलाउड म्हणायचं." ती आज्ञाधारकपणे म्हणाली, "आय ॲम नॉट अलाउड टू कीप माय पासपोर्ट." हे वाक्य मी फळ्यावर लिहायला घेतलं, आणि 'पासपोर्ट' लिहितानाच माझा हात थांबला. खिडकीबाहेर गाडी होती. काचेआडून तो इकडेच बघत होता की लॅपटॉपकडे, ते कळत नव्हतं. मी फळा पुसला.

वर्ग सुटल्यावर मी आमच्या कार्यक्रमाची समन्वयक डेनिस हिच्याकडे गेले. ही साठीची अमेरिकन बाई. अशा गोष्टींचं प्रशिक्षण तिनं घेतलेलं होतं. तिनं दार लावून घेतलं. नवऱ्याशी एक शब्द बोलायचा नाही, तनुजाच्या हातात कागद द्यायचा नाही, कारण पर्स तपासली जात असणार, आणि तिच्या वतीनं काही ठरवायचं नाही, असं तिनं बजावलं. "तिला एकटीला गाठ आणि विचार. तिच्या भाषेत. आणि एक प्रश्न नक्की विचार, त्यानं कधी तिचा गळा धरलाय का?"

बायकांच्या बाथरूममध्ये, नळ चालू ठेवून, मी दुसऱ्या दिवशी तनुजाला मराठीत विचारलं.

"नाही मावशी, मारत नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "रोज नाही."

"गळा धरतो?"

तिनं ओढणी सारखी केली. मुंडीच हलवली फक्त. "सोडतो पण लगेच. नंतर रडतो. मग आइस्क्रीम आणायला नेतो." ती आरशात माझ्याकडे बघत होती, माझ्याकडे थेट नाही. "मावशी, तो म्हणतो, तू गेलीस तर व्हिसा कॅन्सल. पोलीस बेड्या घालून विमानात बसवतील. बाबांना ॲटॅक येऊन गेलाय. त्यांना हे कसं सांगू?"

मी डेनिसला येऊन सांगितलं. गळ्याचं ऐकल्यावर तिचा चेहरा उतरला. "जो गळ्यापर्यंत पोचलाय तो थांबत नाही," ती म्हणाली. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा फ्रीमाँटला, सबंध देशापलीकडे. घरी मी एकटी. मला भीती कशाकशाची वाटत होती? तिच्या जिवाची तर होतीच. आपलं चुकत असलं तर, याचीही होती. आणि खरं सांगायचं तर लोकांचीही होती. इथल्या मराठी लोकांत बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही.

पुढच्या वर्गांना मी तिच्याशी नळाच्या आवाजात दोन-चार वाक्यं बोलत राहिले. डेनिसनं सांगितलेल्या, घरात मार खाणाऱ्या बायकांच्या मदतकेंद्राचा फोन नंबर तिनं पाठ केला. तिथल्या वकीलबाईंचा निरोप मी पोचवला: पासपोर्ट नवऱ्याकडे असला तरी तो तिचाच आहे, आणि तिच्यासारख्या बायकांसाठी कायद्यात वेगळी वाट आहे. वेळ लागेल, पण वाट आहे. ती नुसती ऐकायची. मी 'निघ' असं एकदाही म्हटलं नाही.

मग एका सकाळी तो तिच्यामागून वर्गात आला. "मावशी, आज बसलो तर चालेल ना? बघू तरी, बायको काय शिकते."

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. तो शेवटच्या खुर्चीत पाय पसरून बसला. मी शिकवत होते, पण माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. तिला वगळलं असतं तर त्याला संशय आला असता. मी 'ड्रेस' हा शब्द दिला.

"द ड्रेस वॉज बॉट बाय माय हजबंड," तनुजा म्हणाली. ड्रेस माझ्या नवऱ्यानं घेतला. वाक्यात कर्ता जागच्या जागी, ठळक.

त्यानं एकट्यानं टाळ्या वाजवल्या. "वा!"

जाताना तो माझ्या टेबलापाशी थांबला, अगदी हसतमुख. "मावशी, तुम्ही दोघी बाथरूममध्ये फार वेळ असता म्हणे." म्हणे! कुणाकडून म्हणे, ते काही तो बोलला नाही. "बाय द वे, या शुक्रवारनंतर ती येणार नाही. आम्ही इंडियाला चाललोय. हिला काही दिवस माझ्या आईकडे ठेवीन म्हणतो. जरा वळण लागेल."

शुक्रवारी आमचं प्रात्यक्षिक होतं. प्रत्येक सत्राच्या शेवटी मी वर्गाला जवळच्या एका मोठ्या दुकानात न्यायची. ग्राहक सेवेच्या काउंटरवर जाऊन प्रत्येकानं काहीतरी बदलून घ्यायचं, खरोखरचं. काउंटरवरची लोरेटा ही माझ्या ओळखीची झाली होती. जाडजूड, मायाळू काळी बाई, माझ्या विद्यार्थ्यांना 'हनी' म्हणायची.

गुरुवारच्या वर्गात बाथरूमला जायची सोय नव्हती, तो दारातच उभा होता. तनुजा वही मागायच्या निमित्तानं टेबलाशी आली आणि ओठ न हलवता म्हणाली, "मावशी, त्या दुकानाला मागून दार असतं का?"

"असतं."

"मग उद्या."

एवढंच बोलणं झालं. बाकीचं सगळं डेनिसनं आणि मदतकेंद्रानं केलं. त्यांची एक बाई मागच्या दारापाशी, जिथे ट्रकमधून माल उतरतो तिथे, गाडी घेऊन थांबणार होती. लोरेटाला आणि तिच्या मॅनेजरला विश्वासात घेतलं होतं. तनुजानं काउंटरशी यायचं, 'आय वुड लाइक टू हॅव धिस एक्स्चेंज्ड' म्हणायचं, की लोरेटा तिला सही करायला म्हणून आतल्या खोलीत घेणार.

मी पेठेकाकांना एवढंच सांगितलं, "काका, तनुजाचे मिस्टर येतील. त्यांना जरा बोलण्यात गुंतवा." काकांनी माझ्याकडे बघितलं. का, असं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात तोही आला. तिच्यापासून दहा-बारा पावलांवर रिकामी कार्ट ढकलत हिंडत होता. ती उजवीकडे वळली की तोही वळायचा. मेक्सिकन स्वयंपाक्यानं आपली पॅन बदलून घेतली, कोरियन आजीनं मोजे. तिची पाळी आली. मागे पेठेकाकांचा आवाज चढला: "अहो, तुम्ही अमरावतीचे ना? आमचा मेव्हणा बडनेऱ्याला होता सबस्टेशनवर! त्या लायनीचा एक किस्सा सांगतो तुम्हाला…" आणि त्यांनी त्याच्या कार्टच्या दांड्यावर आपला हात ठेवला.

तनुजा काउंटरशी उभी राहिली. तिनं हातातला स्कार्फ पुढे केला. आणि तिचं तोंड उघडेना.

"हनी?" लोरेटा म्हणाली.

काही नाही. ओठ हलत होते, शब्द नव्हता. इतक्या वेळा घोकलेलं वाक्य पुसून गेलं होतं. मी तिच्या शेजारी होते, तरी माझ्याही तोंडून ते निघेना. मागून ऐकू आलं, "एक मिनिट हं काका," आणि कार्टची चाकं वाजली. काका म्हणत होते, "अहो, पण गंमत तर पुढेच आहे—"

तनुजानं दोन्ही हातांनी काउंटर धरला. "प्लीज," ती म्हणाली. "आय वॉन्ट टू बी टेकन इनसाइड."

मला आत नेलं जावं. असं वाक्य मी शिकवलं नव्हतं.

लोरेटानं काउंटरची फळी उचलली. तनुजा वाकून आत गेली आणि मागचं दार बंद झालं. काउंटरवर स्कार्फ राहिला आणि त्याच्याशेजारी तिचा फोन. ती कुठे आहे हे त्याला त्या फोनवरून कळायचं, म्हणून तिनं तो ठेवून दिला होता.

"कुठे गेली?" तो माझ्यापाशी येऊन पोचला.

"काहीतरी सही करायची आहे म्हणे," मी म्हटलं. माझा आवाज स्थिर कसा राहिला, देव जाणे.

तो थांबला. मग त्यानं खिशातून फोन काढून लावला. काउंटरवरचा फोन थरथरू लागला. पडद्यावर त्या दोघांचा फोटो होता, लग्नातला. फोन वाजत राहिला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. कुणीच हात लावला नाही.

"दार उघडा," तो आधी मराठीत म्हणाला, मग इंग्रजीत, मग ओरडून. लोरेटा म्हणाली, "सर, मागे व्हा." मॅनेजर आला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली, तसा त्याचा आवाज एकदम खाली आला. चार लोकांत तो असाच असायचा ना, सभ्य. त्यानं तिचा फोन उचलला, खिशात घातला. मग माझ्या अगदी जवळ येऊन, सूत्रसंचालनाच्या त्याच मऊ आवाजात म्हणाला, "मावशी, तुम्ही एकट्याच राहता ना?"

तो निघून गेल्यावर मी तिथल्या तिथे, एका स्टुलावर बसले. पेठेकाका माझ्यासाठी पाणी घेऊन आले. "काय झालं ते मला सांगू नका," ते म्हणाले. "फक्त पोरगी नीट गेली का, तेवढं सांगा."

"गेली."

पुढचे कित्येक आठवडे मी दिवसाढवळ्यासुद्धा आधी खिडकीतून बघूनच दार उघडायची. राखाडी गाड्या किती असतात या देशात, ते मला तेव्हा कळलं. मुलगा फोनवर म्हणायचा, "आई, सरळ इकडे ये यार, कशाला रिस्क घेतेस." पोलिसांना तनुजाच्या नवऱ्याचं ते वाक्य मी सांगितलं होतं, पण 'एकट्या राहता ना' हा काही गुन्हा नव्हे. काही फोन आपल्या लोकांचेही आले. एक काकू म्हणाल्या, "नवरा-बायकोत आपण कशाला पडायचं? इतका चांगला मुलगा." दुसऱ्या एकीनं फोन केला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि शेवटी हळूच विचारलं, "मावशी, त्या केंद्राचा नंबर तुमच्याकडे आहे का? माझ्या मैत्रिणीला हवाय." मी दिला. कोणती मैत्रीण, ते विचारलं नाही.

तनुजानं संरक्षण मागणारा अर्ज केला, त्या सुनावणीला मी कोर्टात गेले होते. तिला दुभाषी बाई मिळाली होती, तरी ती मधूनच इंग्रजीत बोलत होती. गळ्याबद्दल सांगताना मात्र मराठीत बोलली आणि त्या बाईला एकदा थांबून पाणी प्यावं लागलं. तो पलीकडे कोट घालून बसला होता. न्यायाधीशांनी तिच्याजवळ फिरकायचं नाही असा आदेश दिला आणि पासपोर्ट पोलिसांमार्फत परत करायला लावला. काही महिन्यांनी कळलं, त्यानं नोकरी सोडली आणि तो मॉरिसव्हिलमधून गेला. कुठे, ते कुणालाच ठाऊक नाही. लोक म्हणाले, सुटलात एकदाच्या. मला तसं वाटलं नाही. तो इथे होता तेव्हा निदान कुठे आहे ते माहीत तरी होतं.

वर्ग मी आणखी दोन सत्रं घेतला, मग सोडला. गुडघ्यांचं कारण सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं. आता डेनिसबरोबर नव्या शिक्षकांना तयार करते. त्यांना सांगते, विद्यार्थ्याचं वाक्य चुकलं तर सुधारा, पण आधी ते ऐका.

तनुजा कोणत्या राज्यात आहे हे मला ठाऊक नाही. ठाऊक असू नये अशीच व्यवस्था आहे. तिच्या व्हिसाच्या कागदांचा निकाल अजून लागायचाय. हे सगळं लिहू का, असं विचारलं तेव्हा ती लगेच हो म्हणाली. कधीतरी तिचा फोन येतो, नंबर न दाखवणारा. मागच्या वेळी आला तेव्हा आवाज ओळखूच आला नाही.

"मावशी, ड्रायव्हिंगची टेस्ट दिली."

"मग?"

"नापास."

"अगं, का?"

"टेस्ट घेणारी बाई म्हणाली, गाडी चांगली चालवतेस, पण पुढे कमी बघतेस आणि मागच्या आरशातच जास्त."

ती हसत होती. तिला हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होते, अगदी मोठ्यानं, ठसका लागेपर्यंत.

"मंगळवारी परत देतेय," ती म्हणाली.